शेऱ्याचा रकाना

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्याची आहे. चाकणच्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी तपासणी खात्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावरून पुढे जातात आणि कागदावर नोंद नसेल तर भाग कितीही चांगला असो, तो मी मागे पाठवतो. खात्यातली पोरं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर अशा माणसाची चूक एका बाईने काढली, आणि तीही आवाज न चढवता. तिचं नाव श्रीदेवी. ती माझ्या आईला सांभाळते. आज माझी आई धड आहे ती तिच्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझीच बाजू मांडायला लागलो तर वाचणाऱ्याने सावध राहावं.

आमचं घर आळंदला. आळंदी नव्हे, अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात शिरलं की लागतं ते आळंद. घरात मराठी, दुकानात कानडी आणि गल्लीत दखनी, अशा तीन भाषांत मी वाढलो आणि तिन्हींत भांडू शकतो. वडील जगदेवप्पा तुरीचे व्यापारी होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. आई सावित्रम्मा, आम्ही तिला अव्वा म्हणतो, आता अठ्ठ्याहत्तरची आहे. पुण्याला ये म्हणून मी तिला हजारदा विनवलं. एकदा आली, नऊ दिवस राहिली आणि म्हणाली की इथे शेजारी राहतात पण दिसत नाहीत. परत गेली ती गेलीच.

मागच्या दिवाळीत स्वयंपाकघराच्या पायरीवरून अव्वा पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं. होळीच्या सुमाराला ती वॉकर धरून चालायला लागली, पण डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. खाली जमिनीवर बसायचं नाही आणि ती पायरी चढायची नाही. शिवाय साखरेचा आजार जुना. म्हणजे पुढच्या खोलीतली खाट, खाटेशेजारची खुर्ची आणि पलीकडचं न्हाणीघर, एवढंच तिचं राज्य उरलं.

मी कलबुर्गीच्या एका संस्थेची घरपोच सेवा घेतली. त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती माझ्या कारखान्यासारखीच होती. अव्वाच्या दंडावर नाण्याएवढं यंत्र चिकटवलं, ते दिवसभर साखर मोजून आकडा माझ्या फोनवर पाठवायचं. मनगटात पट्टा, ती पडली तर मला निरोप येणार. खाटेसमोरच्या भिंतीवर कॅमेरा. त्यातून मला दिसायचं आणि बोलताही यायचं. फोनवर एक तक्ता होता: गोळी, आंघोळ, नाश्ता, चालणं, जेवण. काम झालं की हिरवी खूण, राहिलं की लाल. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. कॅमेरा कुठे लावायचा ते मी ठरवलं. संमतीच्या फॉर्मवर रुग्णाची म्हणून जी सही आहे, तीही मीच ठोकली. अव्वा तिथेच खाटेवर बसलेली होती. तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. कारखान्यात मशीनवर मीटर बसवताना आपण मशीनला विचारतो का?

या सगळ्या सामानाबरोबर आली श्रीदेवी. वय चौतीस, माहेर हुमनाबाद तालुक्यातलं दुबलगुंडी. बाप लिंबाजी पूर्वी मेंढ्या राखायचा, आता दुसऱ्याच्या रानात राबतो. नवरा योगीराज आळंदच्याच डाळमिलमध्ये कामाला. धाकटं पोर शाळेत जायला लागल्यावर हिने रोज बसने कलबुर्गीला जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं होतं.

पहिले चार दिवस मी घरीच होतो. ती आली, चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि कामाला लागायचं सोडून खाटेपासून दोन पावलांवर नुसती उभी राहिली. मला वाटलं, झालं, आळशी दिसतेय. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणाली, बाप मेंढीला हात लावायच्या आधी असाच उभा राहून बघायचा. कुठला पाय जड टाकते, श्वास कसा चालतो ते आधी बघायचं, हात मागाहून लावायचा. माझ्या आईची तुलना मेंढीशी झालेली मला काही आवडली नाही. अव्वा मात्र खुदकन हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली होती.

मग सुरू झाले श्रीदेवीचे प्रश्न. अम्मा, हात धरू का? अम्मा, पदर सरकवू का? आता पाठ पुसू का? दहा मिनिटांत पंधरा वेळा 'का' ऐकून मी वैतागलो आणि तिला सांगितलं की एवढं विचारत बसू नका, वेळ जातो. तिने मान हलवली आणि विचारत राहिली. घर त्यांचं, अंगही त्यांचं, आपण विचारून पुढं व्हायचं, असं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी म्हटलं, ठीक आहे, शिकवलेलं पाठ दिसतंय. त्या वेळी मी हे कौतुकाने म्हटलं नव्हतं.

मी पुण्याला परतलो आणि दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात लाल खुणा यायला लागल्या. मी असताना अव्वाचा नाश्ता नऊला व्हायचा. आता कधी साडेदहा, कधी बारा, एकदा तर सव्वादोन. गोळी मात्र वेळेवर, कारण साडेसातचा गजर वाजला की अव्वा ती स्वतःच घ्यायची, नुसती तोंडात धरून चघळत. साखरेची गोळी पोटात आणि पोट रिकामं, म्हणजे साखर घसरणारच. अडुसष्ट, एकसष्ट असे आकडे यायला लागले. मी चाकणहून कॅमेऱ्यातून ओरडायचो, अव्वा, खा की आता. ती भूक नाही म्हणायची आणि भिंतीकडे बघायची नाही.

एका सोमवारी मी मीटिंगमध्ये असताना फोन किंचाळला. आकडा होता बावन्न. मी कॅमेरा उघडला तर अव्वा घामाने डबडबली होती, श्रीदेवी तिच्या ओठांत ग्लुकोज सोडत होती आणि अव्वा रडत होती. आई डोळ्यासमोर आहे आणि मी साडेतीनशे किलोमीटरवर खुर्चीत बसलोय. वीस मिनिटांनी आकडा शंभराच्या वर आला. थोड्या वेळाने श्रीदेवीचा फोन आला. साखर उतरली होती, ग्लुकोज दिलं, डॉक्टरांना विचारलं, उद्यापासून नाश्त्याचं ताट समोर आल्यावरच गोळी द्यायची असं त्यांनी सांगितलंय, हे सगळं तिने ओळीने सांगितलं. मग म्हणाली, "अण्णा, जमलं तर एकदा येऊन अम्मांजवळ बसून बोला. फोनवर नगं."

मी तिलाच झापलं. बोलायचं काय त्यात, वेळेवर खायला घालणं हे तुमचं काम आहे. ती 'व्हय' म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला कॅमेरा काळा झाला आणि नऊ दहाला पुन्हा दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मी रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. एक हात पुढे येतो, हातात टॉवेल असतो, मग काळोख. हात श्रीदेवीचा होता. आता तपासणी खात्यातल्या माणसाच्या डोक्यात काय येणार? बाई अर्धा तास काय करते? अव्वाचं ताट स्वतः संपवते? कपाट उघडते? हात उगारते? माझी बायको म्हणाली की बातम्यांत असलं रोज येतं. मी श्रीदेवीला फोन लावला. तिचं उत्तर एवढंच की अम्मांनी सांगितलं म्हणून झाकते, कारण त्यांनाच विचारा, माझ्या तोंडून नको. अव्वाला विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, उजेड डोळ्यावर येतो. त्या कॅमेऱ्याला असतो तो एक मुगाएवढा हिरवा दिवा. म्हणजे अव्वा खोटं बोलतेय, म्हणजे बाईने तिला धमकावलंय, असा हिशोब मी जुळवून टाकला.

गंमत बघा, त्याच फोनवर त्याच दिवसांत साखरेची रेघ सरळ झाली होती. नाश्ता रोज सव्वानऊला, खूण हिरवी. ते मला दिसत होतं. पण मी काळोखाच्या मागे लागलो होतो, चांगल्या आकड्यांकडे बघायला मला सवड नव्हती.

मी कलबुर्गीच्या ऑफिसला लेखी तक्रार केली आणि त्यात 'संशयास्पद वर्तन' असे शब्द घातले. तिथले देखरेख अधिकारी सुनीलकुमार, मऊ बोलणारा तरुण माणूस. त्यांनी फोनवर सुरुवात केली की सर, तिचे शेरे एकदा बघितले तर, आणि मी त्यांना तिथेच तोडलं. म्हटलं, तक्ता मी रोज बघतो, मला शिकवू नका. मग त्यांनी नियम सांगितला. तक्रार लेखी असली की चौकशीच्या दिवसानंतर बाईला कामावरून थांबवतात, ठपका आला तर पुढे कुठल्याच घरी पाठवत नाहीत. मी म्हटलं, बरोबरच आहे. शनिवारी मी येतो, तुम्हीही या, काय ते तिच्या तोंडावर होऊ दे.

शनिवारी सोलापूरहून पहाटेची बस धरली. अक्कलकोट, वागदरी करत पावणेनऊच्या आत मी घरासमोर होतो. वैशाखाचं ऊन त्या वेळीच चटके देत होतं. दार लोटलेलं आणि श्रीदेवी बाहेर कट्ट्यावर, दाराला पाठ लावून उभी. मी चपला काढून पुढे झालो तर ती बाजूला झाली नाही.

"थांबा अण्णा. पंधरा मिनटं."

मी म्हटलं, हे माझं घर आहे.

"घर तुमचं हाय. पर आत अम्मा हायत. त्यांनी कुणालाच सोडू नगं म्हणलंय."

माझा आवाज इतका चढला की समोरचे भीमण्णा दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर आले. तुमचा आज शेवटचा दिवस आहे हे ठाऊक आहे ना, असं मी तिला विचारलं. ठाऊक आहे म्हणाली.

"मग मला कामून अडवायलीस?"

"आज सांजच्या सहापत्तर ड्यूटी माझीच हाय."

मी कट्ट्यावर बसलो आणि घड्याळ लावून मिनिटं मोजली. मनात म्हटलं, आता आत काय सापडतं ते बघूच. बाराव्या मिनिटाला आतून अव्वाने हाक मारली. श्रीदेवी आधी आत गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, अम्मा, अण्णा आलेत, येऊ दे का? माझ्या आईला विचारत होती, मला माझ्या घरात घ्यायचं का म्हणून. आणि अव्वाने लगेच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, येऊ दे.

अव्वा खुर्चीत बसली होती. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, बेलाची पानं, विझत आलेली उदबत्ती. गळ्यातली चांदीची डबी तिने नुकतीच पदराआड सारली होती. श्रीदेवीने कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि ताट आणायला स्वयंपाकघरात गेली. मला थोडं कळलं आणि जे कळलं ते मला नको होतं.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग, म्हणजे ज्याचं त्याचं छोटं शिवलिंग, त्या डबीत गळ्यात असतं. रोज सकाळी आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन अव्वा पूजा करते आणि पूजेआधी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. सात वर्षांची असल्यापासून तिने हे चुकवलेलं नाही. गोळी ती पाण्याशिवाय का चघळायची, तेही मला त्या क्षणी कळलं. आणि आमच्या घरची रीत अशी की आपलं लिंग दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही, नवऱ्याच्या नाही आणि लेकाच्याही नाही. पूर्वी ती स्वयंपाकघरात कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. पायरीच्या बंदीने ती जागा गेली. उरली ही खुर्ची, आणि खुर्चीच्या बरोबर समोर मी जागा निवडून लावलेला कॅमेरा.

अव्वा माझ्याकडे न बघता बोलली. "तू गेल्यावर दुसऱ्या दिशी मी लिंग हातात घेतलं, आन् भिंतीतनं तुझा आवाज आला. अव्वा, काय करायलीस? माझा पदर बी जागेवर नव्हता रे. तवापत्तर मला ते घड्याळागत वाटायचं. त्या दिसापासनं वाटतंय, तू तिथंच बसून हायस."

तो दिवस मला आठवला. हातात चहाचा कप होता, आवाज नीट जातो का ते बघत होतो. अव्वा दचकलेली दिसली तेव्हा मी हसलो होतो आणि आवाज किती स्वच्छ जातो याचं बायकोला कौतुक सांगितलं होतं.

मग तिने एक युक्ती काढली. करंट गेला की कॅमेऱ्याचा दिवा विझतो, हे तिने हेरलं होतं. म्हणून ती करंट जायची वाट बघायची. दिवा विझला की पूजा आणि मग नाश्ता. कधी दहाला, कधी दोनला, आळंदचा करंट जसा जाईल तसा. गेलाच नाही त्या दिवशी सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन आतल्या आत उरकायची आणि दिवसभर मन खात राहायचं. त्या सोमवारी पूजेआधी तोंडात ग्लुकोज गेलं, म्हणून ती रडत होती. साखर बावन्नवर आली होती आणि माझ्या आईला दुःख होतं नेम मोडल्याचं.

श्रीदेवीने त्याच दिवशी तिच्याजवळ बसून विचारलं आणि अव्वाने सांगितलं. वर वचन घेतलं की वीरेशला, म्हणजे मला, सांगायचं नाही. पोराने एवढ्या हौसेने लावलंय, त्याला वाईट वाटेल. श्रीदेवीने उत्तर दिलं होतं की अण्णांना मी खोटं सांगणार नाही, पण तुमचं कारणही सांगणार नाही. कॅमेरा झाकला एवढं मात्र लिहीन.

लिहीन म्हणजे कुठे, असं मी विचारलं.

"तक्त्यात. शेऱ्याच्या रकान्यात रोजचं हाय, अण्णा," ताट ठेवता ठेवता श्रीदेवी म्हणाली.

मी फोन काढला. शेरा उघडायला एक बारीक बाण दाबावा लागतो. इतक्या दिवसांत तो मी एकदाही दाबला नव्हता. लाल आणि हिरवं बघायचं आणि बंद करायचं. आता दाबला आणि एकाखाली एक नोंदी उघडत गेल्या. 'करंट १०.४० ला गेला. त्यानंतर अम्मांनी नाश्ता केला.' 'करंट १.५० ला गेला. नाश्ता २.१५. साखर ६१. कारण शोधत आहे.' 'कॅमेरा चालू असताना अम्मा अवघडतात असे वाटते. घरच्यांनी समोर बसून बोलावे.' आणि त्या मंगळवारपासून अकरा दिवस, 'कॅमेरा ८.४० ते ९.१० झाकला. अम्मांच्या सांगण्यावरून. कारण खासगी. मी दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर.' एका दिवशी तर तिने स्वतःचीच तक्रार केली होती: 'टॉवेल काढायला पाच मिनिटे उशीर. चूक माझी.'

सव्वीस वर्षं मी शेरे न वाचणाऱ्यांची खरडपट्टी काढत आलो आहे. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. आणि लाजेच्या मागोमाग जे वाटलं ते मी त्या वेळी बोलू शकलो नाही, म्हणून आज लिहितोय. या बाईजवळ एक वाक्य होतं: अम्मा पूजेला बसतात. ते माझ्यापुढे किंवा ऑफिसपुढे बोलली असती तर तिच्या नोकरीला धक्का लागला नसता. ते वाक्य माझ्या आईचं आहे म्हणून तिने ते वापरलं नाही. माझ्या आईची मी केली नसेल एवढी कदर तिने केली.

दहाच्या सुमाराला सुनीलकुमार आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि तक्रार मागे घेतो म्हणालो. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. गैरसमज झाला असं दोन ओळी लिहून द्या, पुरे, म्हणाले. मी म्हटलं, नाही, पुरतं लिहिणार. पानभर लिहिलं. कॅमेरा, करंट, पूजा, सगळं घातलं. तिच्या नावावर शंकेचा कणही राहू नये म्हणून. मग मोठ्याने वाचून दाखवलं. श्रीदेवीने ऐकून घेतलं, माझ्या हातातला पेन मागून घेतला आणि पूजेच्या दोन ओळींवर काट मारली.

"हे अम्मांचं हाय, अण्णा. ऑफिसात कामून पायजे?"

सुनीलकुमारांनी तिला समजावलं. कारण लिहिलेलं असलं तर फाइल स्वच्छ होते. नसलं तर कारण नमूद नाही असा शेरा तुमच्या नावापुढे राहील आणि पुढेमागे कुणी त्यावर बोट ठेवेल. ती म्हणाली, राहू द्या. तेव्हा अव्वाच खुर्चीतून म्हणाली, लिहू दे की गं, तुझ्यासाठी लिहू दे. श्रीदेवी तिच्यासमोर उकिडवी बसली. "अम्मा, आज तुम्ही भिडंपायी म्हणायलाव. उद्या सकाळी बी असंच वाटलं तर बगू."

सुनीलकुमार उद्यापर्यंत थांबायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर श्रीदेवीने पुन्हा विचारलं. अव्वा मान हलवून म्हणाली, नको. श्रीदेवी म्हणाली, बरं, आणि चहा टाकायला गेली. कागद दोन ओळी खोडलेला तसाच गेला. त्यात शेवटी एवढं आहे: 'त्यांची नोंद होती. मी वाचली नाही. चूक माझी.' श्रीदेवीच्या फाइलीत 'कारण नमूद नाही' हा शेरा आजही आहे.

आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारीच, संमतीचा फॉर्मही नव्याने भरला गेला. श्रीदेवीने तो अव्वाला एकेक ओळ वाचून कानडीत सांगितला. अव्वाने असे प्रश्न विचारले, जे मला कधी सुचले नव्हते. वीरेशने फोन बंद केला तरी हे बघतं का? बघितलेलं कुठे ठेवतात? मी मेल्यावर ते कुणाचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुनीलकुमारांना ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणाले. श्रीदेवीने 'विचारून सांगणार' हेही फॉर्मवर लिहून घेतलं आणि तारीख घातली. दंडावरचं यंत्र आणि हातातला पट्टा अव्वाने ठेवून घेतला. कॅमेरा खोलीतून काढून बाहेरच्या दारावर लावायला सांगितला, कोण येतं जातं ते कळावं म्हणून. मग कानडीत सही केली. वळणदार, ठसठशीत सही आहे तिची. मी ती कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

आता सगळं नीट चाललंय. अव्वा नऊला पूजा आटोपते, सव्वानऊला भाकरी-भाजी किंवा उप्पिट खाते, साखर काबूत असते. मी रोज संध्याकाळी फोन करतो आणि महिन्यातून एकदा जातो. श्रीदेवीला मी आता अक्का म्हणतो, ती अजून अण्णाच म्हणते. शेरे रोज वाचतो. बहुतेक दिवशी काही विशेष नसतं. 'आज अम्मा समोरच्या कट्ट्यापर्यंत चालल्या. भीमण्णांशी भांडल्या.' असलं काहीतरी असतं आणि माझा दिवस चांगला जातो.

हे लिहायच्या आधी मी अव्वाला विचारलं. फाइलीत नको म्हणालीस, मग इथे लिहू का? तिने चार दिवस घेतले. म्हणाली, ऑफिसातल्या कागदात पूजा नको, तिथे ती कुणाची कोण. पण त्या पोरीने काय केलं ते लोकांना कळायचं तर पूजेशिवाय कसं कळणार. लिही. मात्र आधी तिला वाचून दाखव. म्हणून मी हे सगळं फोनवर श्रीदेवीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. त्या शनिवारच्या सकाळचं लिहिताना मी असं एक वाक्य घातलं होतं की ती जराही घाबरली नव्हती.

"तेवढं काढा अण्णा. ते खोटं हाय. माझे पाय कापायले होते. काम गेलं तर पोरांचं कसं करायचं, तेच डोक्यात फिरायलं होतं. भ्या वाटलं न्हाई असं लिवलं, आन् उद्या माझ्यासारखी एखादी बाई ते वाचली, तर तिला वाटंल, मला तर भ्या वाटतंय, म्हंजे हे काम माझ्यानं व्हायचं न्हाई."

ते वाक्य मी काढलं. तिचे पाय कापत होते आणि ती दारातून हलली नाही.